काळ्या खिडकीतला मजकूर

"कॉपी कर," अभय म्हणाला, आणि अक्षताच्या मानेवरून कुणीतरी ओलं फडकं फिरवावं तसं झालं.

तो पुढेही बोलत होता. काल त्या काळ्या खिडकीत तिने जे जे टाइप केलं आणि मशीनने जी जी उत्तरं दिली, ते सगळं आहे तसं कॉपी करायचं, प्रिंट काढायची आणि जेवण झालं की वर मनवा मॅडमच्या केबिनमध्ये घेऊन यायची. "मॅडमना कागदावर हवंय. स्क्रीनवरचं त्या मानत नाहीत." आवाज नेहमीचाच, मऊ, प्रत्येक अनुस्वार जागच्या जागी ठेवणारा. एक हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर. काल दुपारी हाच हात इथेच होता. त्याच्या आफ्टरशेव्हचा वासही हाच होता. खोलीत आणखी सहा जण बसले होते, सहाही जणांची बोटं कीबोर्डवर थांबली होती आणि कुणीही वर बघत नव्हतं. अक्षता म्हणाली, "हो सर." मग तो हात गेला, वास मात्र थोडा वेळ राहिला. हा माणूस रोज सकाळी एवढा वास लावून येतो तो कशावर, असं तिच्या मनात आलं, आणि त्या विचारातल्या विखाराचं तिला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

परळच्या या इमारतीत तळमजल्यावर लॅबचे काउंटर होते, वरच्या मजल्यांवर ऑफिस. ट्रस्टची लॅब. बायकांच्या गाठींची तपासणी स्वस्तात करून द्यायची, त्यासाठी वस्त्यावस्त्यांतून शिबिरं घ्यायची, हे लॅबचं मुख्य काम. रिपोर्ट सगळे मशीनवर. ते मशीन सांभाळणं हे अक्षताचं काम आणि अक्षताला सांभाळणं हे अभयचं. काल मशीनची जागा भरली. नवे रिपोर्ट चढेनात, काउंटरवरून फोनवर फोन यायला लागले, तेव्हा अभय स्वतः उठून तिच्या मागे येऊन उभा राहिला होता. सर्व्हर जुना होता, इतका जुना, की त्याच्यावर घाईचं काम त्या काळ्या खिडकीतूनच करावं लागे. माउस चालवत बसलं तर तो गुदमरायचा. तिने फोल्डरची यादी काढली. फाइलींची नावं शिबिरातल्या पोरींनी मराठीत टाकलेली, काळ्या खिडकीला मराठी वाचता येत नसे, त्यामुळे नावांच्या जागी नुसते चौकोन. चौकोन, चौकोन, चौकोन. पण शेजारी तारखा होत्या आणि त्या वाचता येत होत्या. "सर, हे चालू महिन्याचं दिसतंय," ती म्हणाली होती. "जुनंच आहे ते. कॉपी मारताना तारखा बदलतात. उडव." तिने पुन्हा यादी काढली. पुन्हा त्याच तारखा. "अक्षता, खाली लोक खोळंबलेत. उडव म्हणतोय ना मी." तिने उडवायची ओळ लिहिली. मशीनने विचारलं, खात्री आहे का? तिने 'वाय' दाबला, म्हणजे हो. ते बोट तिचंच होतं. उजव्या हाताची तर्जनी, नखावर मेंदीचा उतरत आलेला रंग.

बॅकअप नव्हता. खर्च वाचवायला तो मागेच बंद केला होता, कुणी केला हेही सगळ्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी रिपोर्टांची वेगळी डिस्क तेवढी काढून कुणा जाणकाराकडे पाठवली. त्याने फोनवर सांगितलं, बघतो, पण आशा ठेवू नका.

ती सर्व्हरसमोर बसली. खोलीच्या कोपऱ्यात त्याचं वेगळं टेबल होतं आणि त्या टेबलावर अभयने कालच कागद चिकटवला होता: हात लावू नये. काळी खिडकी कालपासून तशीच उघडी होती. शेवटच्या ओळीवर कर्सरचा पांढरा ठोका पडत होता, दिसायचा, नाहीसा व्हायचा, दिसायचा. सवयीने तिची बोटं कंट्रोल आणि सीवर गेली. खिडकीने काही कॉपी केलं नाही, उलट शेवटच्या ओळीवर टोपीसारखी एक खूण आणि एक सी उमटवला आणि खाली नवी ओळ दिली. इथे त्या बटणांचा अर्थ 'थांब' असा होतो, हे ती शेकडो वेळा दुसऱ्यांना सांगत आली होती. तिला हसू आलं नाही. काल हीच बटणं दाबायला हवी होती, बस. थांब म्हणायला हवं होतं. मशीनला थांब म्हणता येत होतं. मागे उभ्या असलेल्या माणसाला म्हणता आलं नाही.

कॉपी. हा शब्दच तिला लहानपणापासून चावत आला होता. सातवीत, दादरच्या शाळेत, गणिताचा पेपर परत देताना बाईंनी सगळ्या वर्गासमोर तिचा कागद वर धरला होता. पैकीच्या पैकी. "कुणाची कॉपी केलीस?" बाईंनी विचारलं होतं, आणि वर्ग हसला होता. हसण्याचंही तिला काही नव्हतं. पण पुढच्या बाकावरची मुलगी, जिचे मार्क तिच्यापेक्षा कमी होते, तिने आपला कागद दोन्ही हातांनी झाकून घेतला. आता झाकला. मार्क मिळाल्यावर. ते झाकणं अक्षता कधी विसरली नाही. मग डिलाईल रोडच्या चाळीत बाबांना बोलावणं गेलं. बाबा, म्हणजे रामदास, गिरणी गेल्यावर वरळीच्या एका सोसायटीत वॉचमन होते. ते ड्युटीवरून तसेच आले, खाकी शर्ट, खांद्यावर सोसायटीच्या नावाची पट्टी. बाईंनी अक्षताला टीचर्स रूममध्ये बसवून तोच पेपर पुन्हा सोडवायला लावला आणि स्वतः मागे उभ्या राहिल्या. मागे, अगदी जवळ. त्यांच्या पदराला सुंठीचा वास येत होता. अक्षताने सगळी गणितं सोडवली, एकही चुकलं नाही. बाईंनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "पाठ केलंय." गणित पाठ केलंय. आणि बाबांनी हात जोडले. पोरीला परत बसू दिलंत, तुमचे उपकार, असं काहीतरी म्हणाले. वाटेत त्यांनी तिला उसाचा रस घेऊन दिला. तिने ग्लास तोंडाला लावला आणि नंतर तो त्यांच्या देखत फुटपाथवर ओतला. स्वतःसाठी दुसरा ग्लास त्यांनी घेतलाच नव्हता. बाईंवरचा राग कधीच निवला, पण त्या जोडलेल्या हातांवरचा राग तिच्या अंगात एखाद्या जुन्या तापासारखा राहून गेला होता. आपणही आज सकाळी "हो सर" म्हणालो, हे आठवून तो ताप पुन्हा चढला.

खिडकीच्या माथ्यावर माउसचं उजवं बटण दाबलं की एक छोटी यादी उघडते, तिच्यात खुणा करायची सोय असते. तिने ती घेतली आणि माउस ओढत न्यायला सुरुवात केली. काळ्यावर पांढरा चौकोन पसरत गेला, आतली अक्षरं उलटी झाली, पांढऱ्यावर काळी. जरा हात हलला की चौकोन आक्रसायचा, ओळींची शेवटची अक्षरं बाहेर राहायची. तीनदा करावं लागलं. लांब ओळी खिडकीच्या काठाशी मोडून खाली आल्या होत्या, तिची ती उडवायची ओळसुद्धा मधोमध तुटली होती. शेजारच्या टेबलावरून ललिता म्हणाली, "फोटो काढ ना गो स्क्रीनचा. लगेच होईल." मग तिनेच जीभ चावली. "नको बाय. सगळं काळं पान निघेल. टोनर संपला की अकाउंटवाले माझ्याच नावाने बोंबलतात." ललिता लालबागची. तीन वर्षं दोघी एकाच डब्यात हात घालून जेवत होत्या. आज तिने खुर्ची थोडी पलीकडे सरकवून घेतली होती. फार नाही, एक वीत.

एंटर दाबला, कॉपी झालं. नोटपॅड उघडलं. चिकटवलं. आणि पांढऱ्या पानावर अक्षरं पडली तशी अक्षता खुर्चीत मागे रेलली. काळ्या खिडकीत जे चौकोन होते, ते इथे आल्याबरोबर उघडले होते. नोटपॅडला मराठी येत होतं. लतिका, माहीम. मीराबाई, डिलाईल रोड. शालन, वरळी. आनंदीबाई, मच्छीमार नगर. एकाखाली एक नावं, पुढे तारीख, पुढे फाइलीचं वजन. मशीनला ती सगळी माहीत होती, काल दुपारीही माहीत होती, फक्त दाखवत नव्हतं. मीराबाई हे तिच्या आईचंही नाव. आईची काही गाठबीठ नव्हती, ही दुसरीच कुणी. त्या रस्त्यावर मीराबाई काय एकच आहे? तरी तिने ती ओळ पुन्हा वाचली. वाय दाबताना आपण चौकोन उडवत होतो, असं तिला कालपासून वाटत होतं आणि त्याचाच थोडा आधार होता. आता तो आधारही गेला. हा कागद तिच्याविरुद्ध होता. यात फक्त तिची बोटं होती. मागे उभ्या असलेल्या माणसाचा आवाज काळ्या खिडकीला ऐकू येत नाही. तिच्या दोन वेळच्या शंका होत्या, तारखा होत्या, आणि तरी खाली तिचाच वाय.

खालून फोन आला. काउंटरवर एक बाई ऐकत नाहीये, तुम्हीच या. अक्षता जिन्याने उतरली. काचेपाशी एक म्हातारी उभी होती, काष्ट्याचं लुगडं, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि जुने कागद. काउंटरवरची पोरगी तिला चौथ्यांदा सांगत होती, आजी, सिस्टिम डाउन आहे, फोन करू. "तुमची शिस्टम मना नको सांगू," म्हातारी म्हणाली. "माजा रिपोट दे. सकालपासून आलंय. कफ परेडवरून दोन बशी बदलून आलंय." अक्षताने नाव विचारलं. आनंदीबाई. यादीतलंच नाव. अक्षता म्हणाली, "मावशी, तुमचा रिपोर्ट तयार झाला होता. तो मशीनवरून उडाला."

"उडाला? त्याला काय पख हाईत?"

"मी उडवला," अक्षता म्हणाली. काउंटरवरच्या पोरीने चमकून वर बघितलं. "डॉक्टर तुमच्या नमुन्याची काच पुन्हा बघून लिहितील. वेळ लागेल. तुमचा फोन नंबर..."

आनंदीबाई तिच्याकडे बघत राहिली. दयाबिया काही नव्हती त्या बघण्यात. "तू उडवला," ती म्हणाली. "आनि आता माज्या हितं काय हाय ते कोन सांगल?" तिने छातीच्या डाव्या अंगाला बोट टेकवलं, उघडपणे, दुखऱ्या दाताला टेकवावं तसं. "सून म्हनते सूप पी, पोरगा म्हनतो देवाला जा. मी म्हनलं आदी कागद बगू. तू माजा कागद उडवला." मग तिने पिशवी काखोटीला मारली. "नंबर लिवलाय त्या पोरीकडं. मी फोनची वाट नाय बगनार. मी परवा येनार आनि हितंच बसनार." आणि ती गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. अक्षता जिना चढली तेव्हा एक गोष्ट अगदी स्वच्छ झाली होती: त्या बाईने विचारलं तेव्हा 'मी' म्हणायला तिला एक क्षणही लागला नव्हता. मग वर केबिनमध्ये 'मी आणि हा' म्हणायला का जड जावं?

अभय तिच्याच खुर्चीत बसला होता. नोटपॅड वाचत होता. तिला बघून उठला, खुर्ची पुढे केली, तिला बसू दिलं आणि पुन्हा तिच्या मागे उभा राहिला. "बस. हे बघ, मी तुझ्या बाजूचाच माणूस आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "हा यादीचा भाग आहे ना, तारखांचा, तो कशाला ठेवतेस? यात काय दिसतं? तू बघितलंस, पुन्हा बघितलंस आणि तरी उडवलंस. फार वाईट दिसतं ते. तुझ्यासाठी."

"मी बघून तुम्हाला सांगितलं, सर."

"मी 'जागा कर' म्हणालो."

"'उडव' म्हणालात. दोनदा."

"तुला तसं ऐकू आलं असेल. गडबड होती." त्याने वाकून माउस घेतला, बाही तिच्या खांद्याला घासली. यादीवर निळा पट्टा ओढला. लतिका, मीराबाई, शालन, आनंदीबाई, सगळ्या निळ्या झाल्या. "एवढं काढलं की राहतं काय? एक ओळ, एक वाय. चुकीचं फोल्डर, चुकून गेलं. चुका होतात, माणसं आहोत. मी मॅडमशी बोलतो. मेमो येईल, विषय संपेल. हा आता साधा मजकूर आहे, अक्षता, खिडकी नाही. यात काहीही काढता येतं." त्याने डिलीट मात्र दाबलं नाही. माउस सोडला, हात मागे घेतला. तेवढं तिच्यावर ठेवलं. कालच्यासारखंच. "तू हुशार आहेस. तुमच्यात... म्हणजे तुझ्यासारख्या इतकं वर आलेल्या मुलीने उगाच हट्टाने नुकसान करून घेऊ नये." तो गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण दातांवर दात दाबून धरलेत आणि जबडा दुखतोय. तुमच्यात. पहिल्या महिन्यात एकदा जेवताना तो म्हणाला होता, तू किती शुद्ध बोलतेस गं, कळतसुद्धा नाही. काय कळत नाही, ते तिने विचारलं नव्हतं. ललिताने तेव्हा टेबलाखालून तिचा पाय दाबला होता. तो पाय दाबणं म्हणजे मैत्री, असं ती इतके दिवस धरून चालली होती.

त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं, हीच गंमत होती. यादी काढली तर ती फक्त निष्काळजी ठरत होती. ठेवली तर गुन्हेगार, किंवा वेडी. डोळ्यांनी तारखा बघून रिपोर्ट उडवणारी बाई वेडीच असणार, जोपर्यंत तिच्या मागे कुणी उभं होतं हे माहीत नसतं. यादी गेली की मागचा माणूसही जात होता. एका निळ्या पट्ट्यात दोघेही सुटत होते, तो पूर्ण आणि ती अर्धी. तिने निळा पट्टा घालवला. ललिताकडे वळली.

"तू काल इथेच होतीस."

ललिता स्क्रीनकडेच बघत राहिली. "होते."

"ऐकलंस ना?"

"ऐकलं गो. बहिरी नाय मी." तिने आवाज आणखी खाली आणला. "पण वर विचारलं तर मी फोनवर होते असंच सांगणार. आत्ताच सांगून ठेवते, मागाहून म्हणू नको पाठीत सुरी खुपसली. आमच्याकडे नवरा घरी बसलाय. माका ह्यात ओढू नको."

"बरं."

"रागावू नको ना."

"रागावणारच," अक्षता म्हणाली. "तू सांगून खुपसलीस म्हणून काय ती सुरी नाही?"

ललिताच्या डोळ्यांत पाणी आलं. अक्षताने ते बघितलं आणि तिला काही वाटलं नाही. रुमाल द्यावा असंही नाही. आपल्यात इतका कोरडेपणा कुठून आला, की तो आधीपासूनच होता आणि आपण त्याच्यावर शुद्ध भाषा पसरून ठेवली होती?

तिने प्रिंट दिली. जुना प्रिंटर घरघरला, कागद ओढला, अडकला, पुन्हा ओढला. पानं बाहेर आली ती कोमट होती. उजवीकडच्या कडेला अक्षरं कापली गेली होती, म्हणून तिने अक्षर लहान केलं आणि पुन्हा काढली, पहिली पानं फाडून टाकली. मग पेन घेतलं. जिथे तिची मोडलेली ओळ होती आणि खाली एकटा वाय होता, तिथे समासात तिने मराठीत लिहिलं, वळणदार अक्षरात, घाई न करता: 'हे फोल्डर चालू महिन्याचं दिसतं असं मी सांगितलं होतं. अभय सर माझ्या खुर्चीमागे उभे होते. जुनंच आहे, उडव, असं ते दोनदा म्हणाले. त्यानंतर वाय मी दाबला.' खाली सही केली. मग बराच वेळ ती काळ्या खिडकीकडे बघत बसली. ही खिडकी उघडी आहे तोवर कुणीही येऊन पुन्हा कॉपी करील, पुन्हा स्वच्छ प्रिंट काढील, आणि तिचं पान चुरगळून टोपलीत जाईल. ही खिडकी काही जपून ठेवत नाही. बंद केली की आतलं सगळं गेलं. हे करणं चूक आहे, तेही तिला कळत होतं. पुरावा म्हणतात त्याला. अभयने तिच्या जागी हेच केलं असतं तर ती त्याला काय म्हणाली असती, तेही तिला ठाऊक होतं. तिने नोटपॅड बंद केलं. सेव्ह करायचं का, असं मशीनने विचारलं, ती नाही म्हणाली. मग माउस काळ्या खिडकीच्या कोपऱ्यातल्या फुलीवर नेला आणि दाबला. मागून कुणी काही बोललं नाही. हे बोट फक्त तिचं होतं.

वर केबिनमध्ये एसी इतका होता, की ओठ सुकावेत. मनवा मॅडम तिच्यापेक्षा पाचसहा वर्षांनी लहान. ट्रस्ट सासऱ्यांनी काढला, आता त्या बघत होत्या. काचेतून खाली जुन्या गिरणीच्या चिमणीभोवती उभे राहिलेले टॉवर दिसत होते. अभय आधीच येऊन बसला होता, पाय पायावर. मॅडमनी पानं घेतली, चाळली आणि एका पानावर त्या थांबल्या.

"हे पेनाने काय लिहिलंय?"

"मशीनमध्ये जे उमटत नाही ते, मॅडम."

मॅडमनी वाचलं. अभयकडे बघितलं, पुन्हा वाचलं. "असं चालत नाही, अक्षता. रेकॉर्डवर आपण काही लिहू शकत नाही. तुमचं म्हणणं वेगळं द्या. अभय, कुणाला तरी सांगून क्लीन प्रिंट मागवा."

अभय अर्धा उठला होता.

"निघणार नाही," अक्षता म्हणाली. "खिडकी बंद झाली."

"नोटपॅडमध्ये असेल ना," अभय म्हणाला.

"सेव्ह केलं नाही."

अभय खाली बसला, पण पाय पायावर गेला नाही. मॅडमनी पेन टेबलावर ठेवलं. "चुकून बंद झाली का?" त्यांनी विचारलं. प्रश्न कठोर नव्हता. दार थोडं किलकिलं करून धरावं तसा होता. चुकून. सगळ्यांना हाच शब्द हवा होता आज, जो तो तिच्या हातात कोंबत होता.

"नाही," ती म्हणाली. "मुद्दाम केली."

"तुम्हाला कळतंय तुम्ही काय बोलताय?"

"कळतंय. रिपोर्ट उडवला तोही मीच. खाली आनंदीबाई म्हणून एक आली होती, तिलाही सांगितलं. पण ते मी एकटीने ठरवलं नाही. आणि तेवढंच फक्त कागदावर येणार नव्हतं."

ललिताला बोलावलं. ती दाराशी उभी राहून गालिच्याकडे बघत म्हणाली, "मी फोनवर होते, मॅडम." आणि गेली. अभयचा श्वास मोकळा झाल्याचं अक्षताला ऐकू आलं. तो सावरून बसला. "मॅडम, मला हिच्याबद्दल वाईटच वाटतंय. प्रेशरखाली माणूस असं..." मॅडमनी हात वर करून त्याला थांबवलं आणि ते पान त्याच्याकडे सरकवलं. "हे खोटं असेल तर तसं लिहा. तिच्या खाली. सही करा." त्याने पेन उचललं. अक्षता उलट्या बाजूने बघत होती. पेन कागदाला टेकलं, उचललं, पुन्हा टेकलं. खोटं बोलणं त्याला हवेत किती सोपं जात होतं. कागदावर मात्र त्याच्या हाताला घाम आला, अंगठ्याखाली कागद किंचित ओला झाला. शेवटी त्याने लिहिलं: 'मला नक्की आठवत नाही.' मॅडमनी ते मोठ्याने वाचलं. मग म्हणाल्या, चौकशी होईपर्यंत दोघांनीही उद्यापासून येऊ नये, आयकार्डं खाली जमा करावीत, आणि हे पान माझ्याकडे राहील. "तुमच्यावर जास्त कडक कारवाई होऊ शकते, अक्षता. बॅकअपचा प्रश्न अभयना विचारला जाईलच, पण तुम्ही मुद्दाम हा शब्द वापरलात." अक्षता म्हणाली, "हो." बाहेर पडताना तिला जिंकल्यासारखं वाटलं नाही, हरल्यासारखंही नाही. नुसता राग होता, अंगभर, आणि पहिल्यांदाच तो लपवून ठेवायला जागा शोधत नव्हता.

लिफ्टमध्ये दोघंच होती. दार बंद झालं. अभय आरशाकडे तोंड करून उभा होता, टाय सैल करत होता. वरचा आकडा एकेक उतरत होता. त्याचा वास सगळ्या लिफ्टभर झाला. तो बोलला तेव्हा आवाज तसाच होता, मऊ, नीटनेटका, एकही अनुस्वार न सांडलेला.

"शेवटी जात दाखवलीसच."

लिफ्ट तळमजल्याला थांबली. दार उघडलं. बाहेर काउंटरवरच्या दोघी, रक्ताच्या नळ्यांची टोपली घेतलेला लॅबमधला माणूस, रांगेतल्या चारदोन बायका, सगळे आत यायला उभे. अभय बाहेर पडायला पुढे झाला. अक्षता हलली नाही. तिने एक हात दाराला लावला आणि त्याच्या वाटेत उभी राहिली. दार तिच्या हातावर आपटलं, मागे गेलं, पुन्हा आपटलं.

"सर, आत्ता काय म्हणालात?"

"बाजूला हो. लोक बघतायत."

"बघू दे. मघाशी म्हणालात ते परत बोला." आवाज चढला होता, आणि तो आता शाळेचाही नव्हता, ऑफिसचाही नव्हता. डिलाईल रोडच्या गॅलरीत उभं राहून खालच्या माणसाला हाक मारतात तसा होता. "जरा मोठ्याने बोला. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

रांगेच्या कडेची एक बाई पुढे आली. नळ्यांची टोपली घेतलेला माणूस टोपली तशीच छातीशी धरून थांबला. अभयने तिच्या खांद्यावरून बाहेर बघितलं, मग वरच्या आकड्याकडे, मग जमिनीकडे. सैल केलेली टायची गाठ तो पुन्हा वर ओढू लागला. दार पुन्हा तिच्या हातावर येऊन आदळलं. हात दुखत होता. तिने तो काढला नाही.

"बोला ना," ती म्हणाली. "मी ऐकतेय."